उलट्या बाजूची काजं

प्रिय ताई,

तुझा फोन येतो तेव्हा अण्णा समोरच शिवत बसलेले असतात, म्हणून मी 'ठीक आहे' एवढंच म्हणतो. बाकीचं लिहून भाऊजींच्या हाती पाठवतोय. ते उद्या निघतील.

अण्णांच्या कॅन्सरच्या गोळ्यांची तिसरी फेरी चालू होती. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी. दोन्ही वेळा जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, अख्ख्या. मी हातमोजा घालून त्या वाटीत काढून द्यायचो. अण्णा म्हणायचे, गिळायचं मी आणि घाबरायचं तू, बरी वाटणी आहे. ताप, उलटी, जुलाब, तोंड, तळहात, तळपाय असे रकाने मी वहीत आखलेत. रोज विचारायचो, ते 'काही नाही' म्हणायचे, मी 'काही नाही' लिहायचो. वही अगदी स्वच्छ आहे.

मंगळवारी एका कोटाची काजं तपासत होतो. टाके उलट्या बाजूला झुकलेले. अण्णांच्या हातून असं काज कधी गेलेलं नाही. ते डाव्या हाताने शिवत होते. विचारलं तर म्हणाले, म्हातारपणी माणसाने काहीतरी नवीन शिकावं. मी त्यांचा उजवा हात धरून उघडला. तळवा लालभडक, बोटांची सालं निघालेली, सुई ढकलायचं अंगुस्तान बसतं तिथे फोड. मोजे काढले, तर पायही तसेच.

दवाखान्यातल्या सिस्टरना लगेच फोन केला. त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळ्या त्याच दिवशी थांबवायला सांगितल्या. हात बरे झाले की कमी डोस देतील. त्या म्हणाल्या, पुष्कळजण लपवतात, डोस कमी केला की औषध लागू पडणार नाही असं त्यांना वाटतं, पण तसं नसतं. अण्णांनाही हीच भीती होती. मी त्यांचं औषध बंद पाडलं म्हणून कालपर्यंत अबोला धरला होता. आज मलम लावताना म्हणाले, हळू, इस्त्री फिरवतोयस का.

सोमवारी दाखवायला बोलावलंय. कमी गोळ्या घ्यायला अण्णा तयार आहेत, निदान तसं म्हणतात. ताई, तू रविवारी ये आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या की पहिला आठवडा तरी राहा. जेवण, वेळा, दुकान सगळं मी बघतो. तू फक्त रोज त्यांचे हात उघडून बघ. अण्णा 'काही नाही' म्हणाले की मला ते खरं असावंसं वाटतं, आणि मग मी बघतच नाही.

तुझाच,
धाकटा