पाचाची पंधरा वर्षं

स्केग्नेस, इंग्लंड, २३ नोव्हेंबर २०२५

ति. कुंजम्मा,

सा. न. वि. वि. की मी बरी आहे. फोनवरही हेच म्हणते आणि तुला पटत नाही. तीस वर्षं कुवेतहून पत्रं पाठवलीस, म्हणून तुला कागदावरचंच खरं वाटतं. तर घे कागद. बरी नाहीये.

सरकार नियम बदलतंय. मी आले तेव्हा पाच वर्षं काम केलं की कायम राहायची परवानगी मिळायची. आता वृद्धाश्रमात काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना पंधरा म्हणतायत. तेही नव्याने येणाऱ्यांनाच नाही, आम्हा आलेल्यांनाही. माझी पाच वर्षं एप्रिल २०२७ मध्ये भरतात. तेव्हा टेसा सोळाची असेल, तिला इकडे आणता येईल. पंधरा भरतील तेव्हा ती सव्वीसची. अठरा ओलांडलेल्या मुलांना आईच्या मागून येता येत नाही, कुंजम्मा. म्हणजे कधीच नाही.

सुरुवातीलाच आणायला हवं होतं, मला कळतं. पण तेव्हा एका खोलीत चौघी होतो आणि बारा-बारा तासांची ड्युटी. जरा बस्तान बसू दे म्हटलं, तोवर त्यांनी आमच्या कामातल्यांना मुलं आणायचं ते दारही लावून घेतलं.

बाकी समुद्र आहे, पर्यटक गेलेत, बर्फगोळ्याचं दुकान फळ्या ठोकून बंद. आमच्याकडची डोरीन आजी रोज विचारते, तू घरी कधी जाणार. ती ड्युटीबद्दल विचारते. मी सहा वाजता म्हणते.

टेसाला माझा पापा. लोभ आहे तेवढा पुरतो, पण थोडा जास्तीचा पाठव.

तुझी,
शीबा

पाला, केरळ, ५ डिसेंबर

चि. शीबा,

अ. उ. आ., आणि एक टपली.

तीस वर्षांत कुवेतने मला राहा म्हटलं नाही आणि मीही राहू का विचारलं नाही. काम होतं, केलं, ट्रंक उचलली. तुमची पिढी विचारते. विचारा. खेळ अर्ध्यावर आल्यावर नियम बदलणाऱ्याला आम्ही लहानपणी खेळातून काढायचो.

पण एक माझ्या डोक्यात जात नाही. कुरियनची मुलगीही तिकडेच नर्स आहे, ती दर नाताळला येते, बॅगा भरून चॉकलेटं आणते, सगळ्या गावाला दात दुखवते. तू साडेतीन वर्षांत एकदाही नाही. तुला जन्म देणाऱ्या अम्मच्चीला, माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला, पुरलं तेव्हा तू फोनच्या काचेत होतीस. टेसा फोन धरून उभी होती. हात बदलत होती, पण खाली केला नाही तिने.

ती माझ्यापेक्षा उंच झालीय. शाळेत पालकांना बोलावतात तेव्हा मी जाते. बाई विचारतात, आजी का? ती हो म्हणते आणि पुढे चालते. तू कधी येणार हे ती आता विचारत नाही. विचारायची तेव्हा बरं होतं.

रागावू नकोस, रागावलीस तर तसं लिही.

कुंजम्मा

स्केग्नेस, १५ डिसेंबर

ति. कुंजम्मा, सा. न.

नर्सचा नियम वेगळा असतो. आमचा असा की मधे देशाबाहेर पाऊल टाकलं की मोजणी पुन्हा एकपासून. पहिल्याच आठवड्यात माझ्या खोलीतल्या बिंदूने सांगितलं होतं. म्हणून नाही आले. अम्मच्चीच्या वेळी तिकिटाचं पान उघडून दोन तास बसले होते. दोन वर्षं पुसली जातील म्हणून बंद केलं. टेसासाठी बंद केलं.

शनिवारी लंडनला जातेय, पार्लमेंटसमोर निदर्शनं आहेत. मॅनेजरला कळलं तर काय, म्हणून मास्क लावणार. आमचा व्हिसा तिच्या हातात असतो. पाठीवर टेसाचं वय लिहिलेला पुठ्ठा बांधणार आहे.

शीबा

स्केग्नेस, २१ डिसेंबर

कुंजम्मा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय.

खूप लोक होते. इंजिनियर, स्वयंपाकी, प्रयोगशाळेतले. माझ्याशेजारी फोलाशादे नावाची बाई होती, नायजेरियाची, माझ्यासारखंच काम, व्हिसाही तसाच. घोषणा देऊन घसा बसला तेव्हा तिने थर्मासमधला चहा दिला. म्हणाली, सोमवारी घरी इबादानला चाललेय, दर नाताळला जाते. मी म्हटलं, मग तुझी मोजणी? ती हसली. कुणी सांगितलं हे तुला, म्हणाली. कुठल्याही बारा महिन्यांत एकशे ऐंशी दिवस बाहेर राहिलं तरी चालतं. मी फोनवर सरकारचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं. माझ्या व्हिसालाही तेच. पहिल्यापासून.

एकशे ऐंशी, कुंजम्मा. मी अम्मच्चीजवळ महिनाभर बसू शकले असते.

फोलाशादेने माझा पुठ्ठा सोडला आणि मला फुटपाथवर बसवलं. मग दोन्ही पुठ्ठे तीच धरून उभी राहिली.

शीबा

पाला, २ जानेवारी २०२६

चि. शीबा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या बिंदूला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की पाद्रीबाबांना सांगावं लागेल. मग शांत झाले.

तुला एक सांगते. मी कुवेतला असताना बाबा वारल्याची तार आली तेव्हा मी सुट्टी मागितलीच नाही. नाही म्हणतील असं मीच ठरवलं. पुढे मेट्रन म्हणाली, मागायची होतीस, दिली असती. आपण विचारत नाही, पोरी. विचारलं तर आपण इथे आहोत हे त्यांच्या लक्षात येईल, अशी भीती वाटते आपल्याला.

मागच्या पत्रात काचेबद्दल लिहिलं ते मागे घेते.

टेसाला मी यातलं काही सांगणार नाही. तिच्यासमोर बसून तू सांग.

तुझी कुंजम्मा

स्केग्नेस, १४ जानेवारी

ति. कुंजम्मा,

रजा मागितली. मॅनेजरने वहीत बघितलं आणि दिली. एवढंच. एकवीस दिवस, ८ फेब्रुवारीपासून.

इथल्या खासदारालाही भेटले, मास्क न लावता. त्याने ऐकलं, टेसाचं वय दोनदा विचारलं, लिहून घेतलं. मोर्चे चालूच राहतील, परत आले की मीही जाईन. पण पंधरा व्हायची ती होतील कदाचित. तर मी येतेय ते तिला न्यायला नाही. कदाचित नेता येणार नाही, हे सांगायला येतेय. तिला आधी एवढंच सांग, की येतेय.

शीबा

पाला, २४ जानेवारी

चि. शीबा,

सांगितलं. तिने विचारलं, किती दिवस. एकवीस म्हटलं. म्हणाली, मग मी शाळा एक दिवसही बुडवणार नाही.

मला वाटलं रुसली. ताट वाढताना तसं म्हटलंही. तर म्हणाली, तसं नाही. तिची बस चार वीसला येते. तू स्टॉपवर उभं राहायचंस. ती उतरणार आणि सगळ्यांसमोर तुला म्हणणार, कशाला आलीस न्यायला, मी काय लहान आहे का. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली आपापल्या आईला असं म्हणतात. तिला अजून कुणाला म्हणता आलेलं नाही.

बस कधीकधी लवकर येते. सव्वाचारलाच जाऊन उभी राहा.

तुझी,
कुंजम्मा