गुरुवारी चार दहाला येणारा फोन

नायगाव,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. जितेंद्र,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचे गुडघे आणि आपली लिफ्ट, दोन्ही अधूनमधून बंद पडतात. बाकी तक्रार नाही.

तीन वर्षांनी बापाचं पत्र, तेही कागदावर, म्हणून दचकू नकोस. कामाचं आहे. तुझा धंदाच नेटवर्कचा, म्हणून तुला विचारतो. फोनवर विचारलं नाही, कारण घरच्या नेटवर्कवर माझा भरवसा उरलेला नाही.

सोसायटीत दर गुरुवारी चार ते पाच ज्येष्ठांसाठी संगणकाचा वर्ग असतो. बी विंगमधली ज्ञानदा शिकवते. मुलगी हुशार, पण आम्हाला बालवाडीत बसवल्यासारखं बोलते. नेटवर्कचे म्हणे चार प्रकार. फोन आणि त्याचं कानातलं यंत्र, हे एका माणसापुरतं पॅन. एका घरातलं लॅन. शहरभराचं मॅन. आणि जगभराचं ते वॅन. मी चौतीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्या, तरी मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं.

मग तिने राउटरला कोणकोणती यंत्रं कधी जोडली गेली ते बघायला शिकवलं. घरी येऊन बघतो तर माझा फोन, आईचा फोन, टीव्ही आणि चौथं यंत्र म्हणजे आणखी एक फोन. नाव नाही, नुसते आकडे आणि अक्षरं. दर गुरुवारी चार दहाला यायचा, पाचला दहा कमी असताना जायचा. म्हणजे नेमका मी घरात नसताना!

मला आधी वाटलं, कुणीतरी परदेशात बसून आपल्या घरात डोकावतोय. ज्ञानदा हसली. "काका, तो वॅनवरून आलेला नाही. तुमच्या लॅनवर दिसतोय म्हणजे माणूस तुमच्या दाराजवळच असणार. फार तर भिंतीपलीकडे."

भिंतीपलीकडे व्हिव्हियन राहतो. पापडीहून दोन वर्षांपूर्वी आला, नेहमी हसून बोलतो. एवढं कोण हसतं? त्याला लिफ्टपाशी गाठून चार लोकांदेखत विचारलं. त्याने नुसता फोन माझ्या हातात दिला. "अंकल, तुम्हीच बघा." त्याच्या फोनचे आकडे राउटरवरच्या आकड्यांशी जुळले नाहीत. तेव्हापासून त्याची बायको रोझमेरी मला पाहिलं की दार लावून घेते.

मग तुझ्या आईवर नजर ठेवली. विचारलं, तर म्हणाली, "कोन येनार हाय आपल्याकडं? पानी प्या नि गप बसा." पण गुरुवारी कचऱ्याच्या डब्यात अळूचे देठ दिसायचे आणि माझ्या ताटात वडी नसायची. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई मला वगळून काही तळेल, हे पटेना.

शेवटी ज्ञानदाला विचारलं, पासवर्ड न टाकता हा आत येतोच कसा? ती म्हणाली, "आधी कधीतरी तुमच्याकडे जोडलेला असेल काका. मग पुन्हा काही करावं लागत नाही, जवळ आला की आपोआप जोडला जातो."

आपल्याकडे वायफाय तू बसवलंस. पासवर्ड तूच घातलास.

काल वर्ग अर्ध्यावर सोडला. लिफ्टने आपल्या घराच्या एक मजला वर गेलो, चपला हातात घेतल्या आणि जिन्याने खाली उतरलो. अर्ध्या जिन्यात थांबलो. आपल्या दाराबाहेर तू पायरीवर बसला होतास, मांडीवर डबा. शेजारी आई. दार उघडंच होतं, पण तू आत गेला नव्हतास. "या घरात पाऊल ठेवू नकोस" हे माझे शब्द तू अजून पाळतोस. डोक्यावरचे केस किती विरळ झालेत रे तुझे. मी तसाच वर परतलो. गच्चीत जाऊन रडलो.

आता खरं सांगतो. तीन वर्षांपूर्वी खाडीकडच्या शेताचे मूळ कागद सापडेनात, तेव्हा ते तूच, त्या शेतावर हक्क सांगणाऱ्या श्रीपतकाकाला दिलेस असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. जितू, ते कागद मार्चमध्ये सापडले. जुन्या टीव्हीच्या खोक्यात. चोरीला जातील या भीतीने मीच ठेवले होते आणि विसरलो. आठ महिने मी हे कुणालाच सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही. तुझा काडीचाही दोष नव्हता.

तुझा पत्ता आईच्या वहीत मिळाला. हो, तिची वही उघडून पाहिली, सवय जात नाही. लोकांना मी तू बंगळुरूला असल्याचं सांगत होतो आणि तू निघालास इथे जवळच, आगाशीला! एवढ्या अंतराला ज्ञानदा मॅन म्हणते. तेवढंही मला ओलांडता आलं नाही.

आज सकाळी व्हिव्हियनची माफी मागितली. त्याने चहा पाजला. तुझी मागायची तर तू समोर हवास, कागदावर मागून चालणार नाही.

येत्या गुरुवारी मी वर्गाला जाणार नाही. आईला हे सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. चार दहाला दारात मी उभा असेन. जिन्यात बसायचं नाही. वड्या टेबलावर खायच्या, आणि दोन मलाही ठेवायच्या.

पासवर्ड अजून तोच आहे.

तुझा संशयी बाप,
दिनानाथ