आधी माफी माग

॥ श्री ॥

बंगलोर, ४ डिसेंबर १९९५

ती. बाबांना सुखदाचा सा. न. वि. वि.

पत्र बसून वाचा आणि आईला लगेच सांगू नका. शुक्रवारी गणिताच्या पेपरला माझ्या बाकाखाली एक चिठ्ठी सापडली. भरारी पथकातल्या सरांनी ती उचलली, माझी उत्तरपत्रिका काढून घेतली आणि मला वर्गाबाहेर काढलं. त्या खोलीत सकाळी दुसऱ्या वर्गाचा पेपर झाला होता. चिठ्ठी कोणाची, कोण जाणे. आता कॉलेजची समिती चौकशी करणार आहे. दोषी ठरले तर दोन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही. शेवटचं वर्ष आहे, बाबा. मला जेवण जात नाही.

कावेरीआत्याने धीर दिला. चामराजपेटला तिच्या घराजवळच्या लॉ कॉलेजात दर शनिवारी विद्यार्थ्यांना फुकट कायदेशीर सल्ला मिळतो. तिथे स्मृतीअक्का नावाच्या तरुण वकील आहेत. मराठीच, पण घराणं इथे येऊन तीनशे वर्षं झाली, त्यामुळे माझी घाई चालली की ‘स्वल्प थांब’ म्हणतात. त्यांनी बजावलंय की कॉलेज काहीही म्हणो, सही करायची नाही, माफी मागायची नाही. आधी चिठ्ठी दाखवा म्हणून अर्ज द्यायचा. तो दिलाय. काळजी करू नका असं लिहिणार होते, पण मीच करतेय.

आईची गुडघेदुखी कशी आहे ते कळवा. आशीर्वाद पाठीशी असावा.

तुमची, सुखदा

॥ श्री ॥

मिरज, ११ डिसेंबर १९९५

चि. सुखदास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. आईला सांगितले नाही, पण माझा चेहरा बघून तिने ते काढून घेतले. तिने देव पाण्यात ठेवले आहेत. तू मात्र जेवत जा. उपाशी राहून कोणाचा निकाल लागत नाही.

तुझ्या वकीलअक्का हुशार असतील, पण वय लहान दिसते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते उगाच नाही. अर्ज, दाखवा, सिद्ध करा असे सुरू केले की समोरचा माणूस हट्टाला पेटतो. हायस्कुलात मी जन्म काढला. पोरांची तक्रार आली की माझा एकच शिरस्ता होता: आधी माफी माग, मग बोलू. माफी मागितली की पुढे बोलण्यासारखे उरतच नसे. एकाही पोराचे वर्ष मी वाया जाऊ दिले नाही.

तेव्हा मी स्वतःच तुमच्या प्राचार्यांना इंग्रजीत पत्र घातले आहे. मुलगी लहान आहे, तिचा तोल गेला, बाप म्हणून मी तिच्या वतीने क्षमा मागतो, असे लिहिले. प्राचार्य म्हणजे शेवटी मास्तरच. मास्तराचे मास्तराला कळते. तू आता निर्धास्त राहा आणि पुढच्या पेपरांचा अभ्यास कर.

आईने कडबोळी केली आहेत, येणाऱ्याबरोबर पाठवतो. मैत्रिणींना वाटून खा, एकटीने डबा फस्त करू नकोस.

तुझ्या यशाची वाट पाहणारा, बाबा

बंगलोर, २० डिसेंबर १९९५

ती. बाबांना सा. न. वि. वि.

काल समिती बसली. अध्यक्षांनी तुमचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. अक्षर इतकं सुंदर होतं की एका सरांनी कौतुक केलं. मग मला विचारलं, वडीलच गुन्हा कबूल करतात, तर तुमचं काय म्हणणं? चिठ्ठी माझी नाही, एवढंच मी म्हटलं. वकिलांना आत येऊ देत नाहीत. स्मृतीअक्का बाहेर उभ्या होत्या; त्यांना सांगितलं तेव्हा त्या पायरीवरच बसून पत्रातला शब्द न् शब्द टिपायला लागल्या.

चिठ्ठीचं अक्षर माझं नाही, हे समितीलाही दिसतंय. तरी आता म्हणतात, दुसऱ्याकडून लिहून घेतली असेल, नाहीतर वडील माफी कशाला मागतील?

चिठ्ठी माझी नाही असं मी स्पष्ट लिहिलं नव्हतं, हे खरं. तुम्हाला ते लिहून कळवावं लागेल असं माझ्या मनातच आलं नाही. पण तुम्ही विचारायचं तरी होतंत, बाबा. मला फार राग आलाय आणि त्याहून जास्त वाईट वाटलंय.

पुन्हा बैठक ८ जानेवारीला आहे. त्यात तुम्ही येऊन सांगितलंत की पत्र मला न विचारता लिहिलं, तरच काही आशा, असं स्मृतीअक्का म्हणतात. मी बोलावत नाही. त्यांचा निरोप कळवतेय.

कडबोळी मिळाली.

सुखदा

मिरज, २६ डिसेंबर १९९५

चि. सुखदास आशीर्वाद.

येतो. कावेरीकडे उतरेन. काय बोलायचे ते तुझ्या वकीलबाईंना आधी विचारून घेईन. या वेळी माझ्या मनाने काही करणार नाही.

बाबा

॥ श्री ॥

चामराजपेट, ९ जानेवारी १९९६

ती. आईला सा. न. वि. वि.

आधी बातमी सांगते: मी सुटले. देव पाण्यातून काढ.

बाबा समारंभाचा कोट घालून आले होते. अध्यक्ष आत आले तेव्हा इन्स्पेक्शन असल्यासारखे ताडकन उभे राहिले. मुलीचा तोल गेला हे कशावरून लिहिलंत, असं अध्यक्षांनी विचारलं. बाबांनी खाली मान घालून सांगितलं की कशावरूनच नाही, मी तिला विचारलंच नाही, आधी माफी मागायला लावायची ही माझी शाळेतली सवय. मग कोणी न सांगता ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर मराठीत म्हणाले, “सुखदा, ती चिठ्ठी तुझी होती का?”

मी म्हटलं, “नाही, बाबा.”

त्यांनी ते समितीला इंग्रजीत भाषांतर करून सांगितलं. आई, मला त्यांची इतकी दया आली की माझा राग तिथेच संपला.

समितीने त्यांचं पत्र बाजूला ठेवलं आणि दुपारी संशयाचा फायदा देऊन मला सोडलं. गणिताचा पेपर पुन्हा द्यायचा. स्मृतीअक्का ‘मुगीतु’ म्हणाल्या, म्हणजे संपलं. बाबा त्यांना फी विचारायला लागले तर त्या हसल्या आणि पुढच्या मुलाचा अर्ज वाचायला घेतला.

येताना ऑटो केला. निर्दोष म्हणाले नाहीत, नुसता संशयाचा फायदा म्हणाले, असं बाबा काहीतरी पुटपुटले. मग चामराजपेट जवळ आल्यावर हळूच माझा हात धरून म्हणाले, “पण खरंच ना गं?”

मी बाहेर बघत राहिले. आत्याकडे पोचल्यावर त्यांना पाणी दिलं, पंखा लावून दिला. ते उद्याच्या गाडीने निघतील. त्यांना यातलं काही बोलू नकोस.

तुझ्याही मनात असेल तर विचार, आई. मी रागावणार नाही. पण एकदाच विचार.

तुझी, सुखदा