रस असलेली अपेक्षा

देवबाग,
१४ डिसेंबर २०२४

प्रिय अपेक्षा,

दोडामार्गाला मामांकडे रुळलीस का? काजूच्या कारखान्यात हातांना चीक लागतो म्हणे. खोबरेल लावत जा. इथे हंगाम भरात आहे. सकाळपासून स्कूबाला रांग, आणि काउंटरवर मी एकटी.

कट्टा गावातल्या इंग्रजीच्या क्लासात मी बी.ए. झालेली, तू दहावी. माझ्या व्याकरणाच्या वहीत चूक नसायची. पण सत्यवान सर बोलायला उभं करायचे तुला. तू चुकतमाकत बोलायचीस आणि सगळा वर्ग ऐकत राहायचा. मी बोलले की सर घड्याळ बघायचे.

इथल्या नोकरीसाठी आपल्या दोघींची मुलाखत होती, त्या सकाळी एसटीच्या स्टॉपवर तू विचारलंस, "गो किशोरी, मी इंटरेस्टेड आसंय म्हणाचा की इंटरेस्टिंग?"

"इंटरेस्टिंग," मी म्हटलं.

मला माहीत होतं, अपेक्षा. कंटाळवाणं भाषण ते 'बोरिंग', ऐकून कंटाळलेला माणूस तो 'बोअर्ड'. तसंच काम 'इंटरेस्टिंग', आणि ज्याला त्यात रस आहे तो 'इंटरेस्टेड'. पाठ होतं मला.

दाराबाहेरून मी ऐकलं, तू 'आय ॲम इंटरेस्टिंग' म्हणालीस. आत सगळे हसले. बाहेर येऊन म्हणालीस, "माका इंग्लिश जमाचा नाय गो." क्लास सोडलास. नोकरी मला लागली, तर जत्रेतलं गोड खाजं घेऊन आलीस. "तुका गावली म्हणजे माकाच गावली." मी ते खाल्लं.

दोन आठवड्यांपूर्वी मालक जितेंद्रशेठ म्हणाले, "ती हसरी पोरगी खंय आसा? चुकली तरी चलात, पाहुण्यांशी बोलूक तशीच व्हयी. बोलव तिका."

मी बोलावलं नाही. मी बिनचूक बोलते, पाहुणे पावती घेऊन निघून जातात. तुझ्याभोवती ते थांबतील, हे मला आत्ताच दिसतं आणि पोटात दुखतं.

आज शेठनी पुन्हा विचारलं, "काय, ती येत नाय म्हणता?"

"हो" अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, "मी कळवलंच नाही."

सोमवारी, २३ तारखेला, अकरा वाजता शेठना भेटायला ये. काही अडलं तर सरांना विचार, मला नको.

तू आलीस तर मला आनंद होईल, असं लिहिणार होते. खोटं झालं असतं. तरी ये.

तुझ्यावर जळणारी,
किशोरी