तुम्ही त्याला तात्या केलंत

बाबा, काल दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला होता, भराभर म्हातारा होणाऱ्या मुलाचा. माझी मुलगी खळखळून हसत होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पुसलेलाच ओटा पुसत राहिले.

तो सिनेमा नवा होता तेव्हा तुमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधल्या कुणीतरी सांगितलं होतं, "साहेब, तुमच्या पोराचाच पिक्चर आलाय, लय हसवतो." आई नको म्हणत होती, तरी तुम्ही आम्हा दोघांना पिंपळगावहून एसटीने नाशिकला नेलंत. माझा धाकटा भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा. डोक्यावर केस नाहीत, हातांच्या शिरा वर आलेल्या, गुडघे आखडलेले. लोकांना त्याचा आजार समजावून सांगायचा तुम्हाला कंटाळा यायचा, म्हणून एकदा तुम्ही 'हे आमचे वडील' असं सांगून मोकळे झालात. ऐकणारे हसले आणि मग तो खेळच झाला. "काय तात्या, तब्येत?" असं तुम्ही विचारायचं, आणि त्याने खोकून, घोगऱ्या आवाजात "चाललंय बाळा" म्हणायचं. त्याला ते फार छान जमायचं. तुम्ही हसलात की त्याचा दिवस चांगला जायचा.

मध्यंतरात आम्ही समोशाच्या रांगेत उभे आहोत. पुढची बाई वळून त्याला म्हणते, "आजोबा, तुम्ही घ्या आधी." मग त्याचा चेहरा नीट बघते आणि दचकते. तुम्ही लगेच म्हणता, "आमचे तात्या." मग त्याला, "बोला की तात्या!" तो तुमच्याकडे न बघता म्हणतो, "काकू, मी चौथीत आहे." बाईचे डोळे भरून येतात आणि तुमचा चेहरा उतरतो.

सिनेमातला मुलगा शेवटी कॉलेज पूर्ण करतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही. स्टँडवर त्याने विचारलं, "बाबा, कॉलेजपर्यंत मी असेन का?" तुम्ही म्हणालात, "पिक्चर आहे तो. आणि चारचौघांत असं तोंडावर पाडणार असशील, तर घरीच बसायचं."

चार दिवस तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना, कुणी काही विचारलं नसताना, तो खोकला आणि म्हणाला, "चाललंय बाळा." तुम्ही हसलात. बाबा, मीही हसले. पुढच्या थंडीत तो गेला.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. शेवटी दवाखान्यात तुमची नजर गेली होती. मी उशाशी आले तर तुम्ही विचारलंत, "कोण?" मी म्हटलं, "नर्स." तुम्ही माझा हात चाचपत म्हणालात, "माझी मुलगी येणार होती. आली का?"

"नाही आली," मी म्हटलं. आणि तुमचं पांघरूण नीट केलं.