मोजून दिलेले दिवस

नौपाडा, ठाणे
२८ फेब्रुवारी १८८७

चि. गं. भा. गोदू हीस दादाचा आशीर्वाद. देवाच्या दयेने मी व तुझी वहिनी खुशाल आहोत. तुझ्या खोकल्याचे कळव.

तुला हसू येईल अशी एक अडचण उभी राहिली आहे. आमच्या मिशनात नवे पाद्रीसाहेब आले आहेत. माणूस सज्जन, वाचन दांडगे. त्यांचे म्हणणे, देवाने ज्या सहा दिवसांत सृष्टी केली ते आपल्यासारखे दिवस नव्हेत. त्यातला एकेक दिवस लाखो वर्षांचा. डोंगरात शिंपले सापडतात, त्यावरून विलायतेतल्या विद्वानांनी तसे ठरवले आहे. मी शाळेत मुलांना असेच शिकवावे अशी त्यांची आज्ञा झाली. मी हात जोडून नाही म्हणालो. शास्त्रात प्रत्येक दिवसाखाली स्वच्छ लिहिले आहे की संध्याकाळ झाली, सकाळ झाली. शिंपल्यावर काही तिथी लिहिलेली नसते. साहेबांनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तेव्हाही नाहीच म्हणालो, तर एकोणीस वर्षांची शाळा माझ्या हातून सुटेल.

माझे एकट्याचे असते तर गप्प बसलो असतो. कोलशेतच्या मिठागरात काळुराम म्हणून आमच्या मंडळीतला एक कामकरी आहे. देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला, हे मक्तेदाराला सांगून त्याने सात घरांसाठी रविवारची सुटी मिळवली. दोन वर्षे ती चालली. आता साहेबांचे मत मक्तेदाराच्या कानी गेले. तो काळुरामला म्हणाला, तुमच्या देवाचा दिवस लाख वर्षांचा, तर तुमची सुटीही सहा लाख वर्षांनी घ्या. होळीनंतर रविवार बंद.

काय करावे ते लिही. तुझा सल्ला मी ऐकत नाही, पण वाचून बरे वाटते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

धोंडो


कल्याण
फाल्गुन शुद्ध दशमी, शके १८०८

ती. स्व. दादास गोदूचा साष्टांग नमस्कार वि. वि. खोकला बरा आहे. पत्रावर काजळीचे डाग दिसतील. चुलीपुढे बसून, भात शिजेपर्यंत चार ओळी, अशी तीन दिवस लिहिते आहे.

तुला आठवतं का, बाबा पुराण सांगताना म्हणत, ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे युगांच्या हजार चौकड्या? तू मध्येच विचारलंस, एवढ्या लांब दिवसात तो जेवतो कितीदा? कान पिळून घेतलास. पुढे ती युगं सोडून तू ख्रिस्त्यांत गेलास, आमचा उंबरठा तुला बंद झाला, आणि आता तुझा साहेब तोच लांब दिवस विलायतेहून परत घेऊन आला. बाबा असते तर पेढे वाटले असते.

थट्टा पुरे. वहिनीचा विचार कर. तोंडानं हो म्हण, मनात नाही म्हण. आम्ही बायका जन्मभर दुसरं काय करतो? पण तू तसं करणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. माळ्यावर लपवून तू मला अक्षरं शिकवलीस, तेव्हाही बाबांना खोटं सांगणं तुला जमलं नाही. मार तू खाल्लास, अक्षरं मात्र मला राहिली. या घरात आल्याला अठरा वर्षं झाली, त्यातली नऊ वैधव्यात, आणि तुझ्या त्या अक्षरांइतकं माझं स्वतःचं इथे काहीच नाही. ते उपकार मी कधी लिहिले नव्हते, आज लिहिते.

एक विचारू? तुझा देव सातव्या दिवशी खरंच बसला? थकला होता का?

पत्राची वाट पाहणारी,
गोदू


नौपाडा, ठाणे
२९ मार्च १८८७

चि. गं. भा. गोदू हीस आशीर्वाद. शाळा राहिली. आधी तेच लिहितो, म्हणजे तू श्वास सोडशील.

साहेबांना मी विनंती केली की निर्णयाआधी एकदा मिठागरावर चला. ते आले. भर उन्हात काळुराम आणि त्याची बायको बायजा मीठ ओढत होती. बायजेच्या पायांना मिठाच्या चिरा पडलेल्या. तिला लिहिता येत नाही, पण सृष्टीचा तो अध्याय तोंडपाठ आहे. साहेबांनी तिला लाख वर्षांचे सगळे नीट समजावले. तिने फावडे टेकवून ऐकले आणि म्हणाली, "साहेब, देवाला लाख वरसां लागली, तं त्यानं आमाला दिस कशाला मोजून दिलं?"

साहेबांनी पुस्तक उघडून देवाच्या आज्ञांतले विसाव्याचे वाक्य काढले. तू सहा दिवस श्रम कर, कारण परमेश्वराने सहा दिवसांत सर्व केले. मी म्हणालो, एकाच वाक्यात दोन्ही शेजारी आहेत. त्यात आपला दिवस सूर्याचा आणि देवाचा लाख वर्षांचा कसा होईल? साहेब बराच वेळ चिरा पडलेल्या त्या पायांकडे पाहत होते. त्यांचे मत बदलले नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण मला म्हणाले, जसे लिहिले आहे तसे शिकवा. मग स्वतः मक्तेदाराकडे जाऊन रविवार परत आणला. अशा माणसाविषयी माझ्या मनात राग होता याची लाज वाटते. देवाचे, साहेबांचे आणि बायजेचे, कोणाचे आभार आधी मानावे कळत नाही.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर. तो थकला नव्हता. केलेले काम पाहून चांगले आहे म्हणाला आणि थांबला. मला वाटते, थकलेल्यांना थांबायची लाज वाटू नये म्हणून.

तुझा ऋणी,
दादा


कल्याण
चैत्र शुद्ध दशमी, रविवार, शके १८०९

ती. स्व. दादास साष्टांग नमस्कार वि. वि. तुझं पत्र वाचून देवापुढे साखर ठेवली. माझ्याच देवापुढे, रागावू नकोस.

काल रामनवमीचा स्वयंपाक झाला. साठ पानं. रात्री स्वतःचे पाय चेपत बसले होते, तेव्हा जाऊबाईंनी विचारलं, भावाचं काय आलं? मी बायजेची गोष्ट सांगितली. देव थांबला तेही सांगितलं. आज सकाळी मी चुलीपाशी गेले, तर त्यांनी माझ्या हातातली फुंकणी काढून घेतली. म्हणाल्या, "आज तुम्ही बसा. दर सातव्या दिवशी बसायचं."

दादा, हे पत्र मी ओटीवर, उजेडात, एका बैठकीत लिहिते आहे. एकही डाग नाही, पाहून घे. अठरा वर्षांत अशी बसले नव्हते. तुझा देव मी घेतला नाही, घेणारही नाही. पण त्याचा सातवा दिवस घेतला. तो लाख वर्षांचा असता तर माझ्यापर्यंत पोचला नसता.

आता रविवारी मी मोकळी असते. तू ये. आत येता येणार नाही, ओटीवर बसू. भांडं वेगळं ठेवावं लागेल, पण पाणी माझ्या हातानं देईन.

तुझी,
गोदू