मॉरिसच्या पोटाला काय लावावे

शनिवार पेठ, पुणे
ता. ८ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. हेमास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अनंतरावांच्या छातीत पुन्हा दुखलं नाही हे वाचून तुझ्या वहिनीने देवापुढे साखर ठेवली. मुंग्यांची दिवाळी लांबली.

आता गाडी. मालवणला राहायला जाताना तुम्ही मॉरिस माझ्या दारात ठेवून गेलात, ती अनंतरावांना आता तिकडे हवी. तुमच्या खाऱ्या हवेत तिचा पत्रा टिकावा म्हणून खालून काय लावावं, हे मी चार जणांना विचारलं. प्रत्येकाने एक मत दिलं. ज्यांना विचारलं नव्हतं त्यांनी दोन-दोन दिली. शेवटी कसब्यात दत्तोबांच्या गॅरेजात गाडी खड्ड्यावर घेतली आणि मीही खाली उतरलो. पंचमहाभूतांतली निदान तीन तरी गाडीच्या पोटाला कायमची चिकटलेली असतात, हे कुठल्याही दर्शनात मला आढळलं नव्हतं.

दत्तोबांच्या मते उपाय दोनच. एक डांबरी लेप: जाड, काळा, एकदा दिला की पाच वर्षं बघायला नको. मात्र आत ओल राहिली तर वरून सगळं झकास आणि मागे पत्रा सडत जातो. दुसरा, मेण घातलेलं पातळ तेल. ते फटीफटीत शिरतं, पण दर दिवाळीनंतर कुणीतरी गाडीखाली आडवं होऊन पुन्हा फवारायला हवं. तुम्ही काय कराल, असं मी विचारलं, तर म्हणाले, मास्तर, ते गाडी कुणाची त्यावर आहे.

तेव्हा काय ते कळव. लोभ आहेच, त्यालाही वर्षातून एक पत्र लागतं.

तुझा दादा, दीनानाथ

मालवण
ता. १३ नोव्हेंबर

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

डांबरच लाव. कारण फक्त तुला सांगते. कोल्हापूरला ह्यांना तपासल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, जपलंत तर वर्ष, फार तर दोन. ह्यांना यातलं काही ठाऊक नाही. दर दिवाळीला ते तेल निघणार आणि दर दिवाळीला मी मनात मोजत बसणार, ते मला झेपायचं नाही. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

गाडी मी चालवीन. ह्यांनीच शिकवलंय, आणि शेजारी बसून अजूनही ओरडतात. उत्तरात नुसतं डांबर लावलं एवढंच लिही, कारण तुझी पत्रं आधी तेच फोडतात. वहिनींना नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस, एवढा लोभ ठेव.

तुझी हेमा

मालवण
ता. १४ नोव्हेंबर

रा. रा. दीनानाथ यांस सप्रेम नमस्कार.

तुमच्या बहिणीने डांबर कळवलं असणार. तुम्ही तेल मारा.

कोल्हापूरच्या त्या खोलीच्या दाराला काच होती. डॉक्टर काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण हिचा चेहरा दिसत होता. आत येऊन ही म्हणाली, सगळं उत्तम आहे. तेव्हापासून आमच्या घरी सगळं उत्तमच आहे. जेवताना आम्ही हवापाण्याबद्दल बोलतो.

पाच वर्षं हात लावायला नको अशी गाडी घेऊन मी काय करू? पुढच्या दिवाळीनंतरचं एक काम मला ठरवून ठेवायचंय. मला कळलंय हे तिला कळवू नका. बाकी आपला लोभ मी गृहीतच धरतो.

आपला, अनंत

शनिवार पेठ, पुणे
ता. २४ नोव्हेंबर

अनंतरावांस नमस्कार, हेमास आशीर्वाद. पाकीट एकच आहे, वाटून घ्यावेत.

गाडी परवा निघते. तेल मारलं आहे. हेमा, तू चिडशील, चीड. लेप देण्याआधी दत्तोबांनी मागच्या चाकाजवळ पट्टीने खरवडून दाखवलं. जुन्या रंगाखाली बोटभर जागा ओली होती. त्यावर डांबर फासा असं सांगायला माझी जीभ रेटेना.

आणखी एक. तुम्ही दोघांनी मला एक दिवसाच्या अंतराने, एकमेकांना चोरून पत्रं लिहिलीत. विद्यार्थ्यांच्या दोन वह्यांत इतका सारखा मजकूर सापडला असता तर मी दोघांनाही उभं केलं असतं. इतक्या वर्षांत गुपित ठेवण्याची रीत मी प्रथमच मोडतो आहे. हे पत्र वाचून झालं की कृपा करून एकमेकांना विचारा, तू दादाला काय लिहिलंस.

उत्तराची घाई नाही. तुमच्या दोघांच्या रागासकट लोभ असावा.

दीनानाथ

मालवण
ता. ५ नोव्हेंबर १९८७

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

सहामाहीच्या वह्या सोडून तुला येता येत नाही हे समजलं. न येऊन बरंच केलंस. गाडीखाली मी गेले. जुनं लुगडं नेसून, डोक्याला फडकं बांधून. हे खुर्चीवर बॅटरी धरून बसले होते आणि सूचना देत होते. एक कोपरा राहिला म्हणून मला पुन्हा आत जायला लावलं. बाहेर आले तेव्हा माझ्या नाकाला तेल लागलेलं पाहून इतके हसले की दम लागला, आणि मी घाबरले. मला घाबरलेली पाहून म्हणाले, आता घाबरायचं ते माझ्यासमोरच घाबर. गेलं वर्षभर आम्ही हेच करतो.

तुझ्यावर मी पूर्ण एक महिना चिडले होते, हे नोंदवून ठेव.

काल ह्यांनी दत्तोबांकडून पुढच्या वर्षाच्या तेलाचा डबा मागवून घेतला. एस.टी.ने आला. मी जिन्याखालची लाकडं हलवली आणि त्याला जागा करून दिली.

तुझी हेमा